टेबलाच्या पाचरी

टेबलाची पाचर काही हलेना. टेम्पोवाल्याने लाकडी हातोड्याचे आठ-दहा घाव घातले, मग एक पाय टेबलाच्या आडव्या पट्टीला टेकवून, दातओठ खाऊन आणखी दोन घातले. पाचर जागची ढळली नाही. त्याने बाहीने कपाळ पुसले आणि खिडकीकडे बघितले.

"मावशी, हे काही ऐकत नाही. पलंग कसा शहाण्यासारखा उतरला, कपाटही उतरलं. ह्याचंच काय बिनसलंय?"

खिडकीपाशी घरातली शेवटची खुर्ची मांडून सुतारीण बसली होती. सकाळपासून ती तिथूनच हुकूम सोडत होती. नवरा गेला त्याला चार महिने झाले होते, आणि आज संध्याकाळपर्यंत तिसऱ्या मजल्यावरच्या ह्या दोन खोल्या रिकाम्या करून ती लेकीकडे राहायला जाणार होती. लेक स्वयंपाकघरात भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. मध्येच एखादे झाकण दाखवून "हे घ्यायचं का?" असे विचारायची, आणि सुतारीण प्रत्येक वेळी "तुझं तू बघ" म्हणायची. झाकणांचा निकाल लावण्याइतके त्राण तिच्यात उरले नव्हते.

फर्निचर उतरवायचे मात्र तिला झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगता आले असते. त्या घरातल्या एकाही लाकडाला खिळा नव्हता, स्क्रू नव्हता, डिंकाचा थेंब नव्हता. एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या भोकातून आरपार काढायचे, बाहेर आलेल्या टोकात फट ठेवायची आणि त्या फटीत पाचर ठोकायची, ही तिच्या नवऱ्याची, सुताराची रीत. प्रत्येक सांध्याच्या आतल्या अंगाला, कुणाच्या नजरेस पडणार नाही अशा जागी, त्याने पेन्सिलीने आकडे घातले होते. एक, दोन, तीन. त्याच क्रमाने पाचरी उलट्या बाजूने ठोकून काढल्या की पलंगाच्या सात फळ्या आणि कपाटाचे बावीस तुकडे आपापले सुटे होत. टेम्पोवाला आणि त्याचा जोडीदार आधी हसले होते. नंतर मात्र ते मुकाट्याने आकडे शोधू लागले, कारण चौथ्याच्या आधी पाचवा काढायला गेले आणि कपाटाची बाजू जोडीदाराच्या पायावर आली.

हे सगळे परत जाण्यासाठी होते. सुतार ह्या देशात आला तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. हातात हत्यारांची पेटी, बायकोच्या हातात दोन पिशव्या, आणि बोली चार-पाच वर्षांची. तेवढ्यात काय कमवायचे ते कमवू, शिकायचे ते शिकू आणि आपल्या मुलखात जाऊ. जाताना काय, पाचरी काढायच्या, लाकडे बांधायची आणि निघायचे. कारखान्यातून उरलेसुरले चांगले लाकूड मिळेल तसतसे त्याने संध्याकाळी घरात बसून एकेक वस्तू केली. चार-पाचाची अडतीस वर्षे झाली. पाचरी तिथेच होत्या.

आणि सुतारिणीने ती सगळी वर्षे एक पाय दाराबाहेर ठेवून काढली. खिडक्यांना तिने कधी मापाचे पडदे शिवले नाहीत. स्वतः शिवणकाम करणारी बाई, पण तिकडच्या खिडक्या वेगळ्या असतील म्हणून इथे जुन्या चादरीच लटकत राहिल्या. भिंतीला रंग हवा होता, तो घरमालकाने लावला तेव्हाच लागला. आणि टेबल तर तळहातावरच्या फोडासारखे जपले. त्यावर आधी जाड कापड, त्यावर मेणकापड, त्यावर कपाखाली आणखी एक गोल चकती. पाहुणा आला आणि त्याने कप नुसताच ठेवला तर तिचा जीव वर-खाली व्हायचा. "तिकडे चार माणसांत मांडायचंय," असे ती सांगायची. पाहुण्याला ह्यातले काही कळायचे नाही, तो बिचारा कप हातातच धरून बसायचा.

लाकूड कोरड्या हवेत आकसते. वर्षातून एकदा कोरडे वारे सुटले की पलंग कुरकुरायचा, बाक डुगडुगायचा. मग सुतार एका सकाळी हातोडा घेऊन घरभर फिरायचा. पलंग, कपाट, बाक, शेवटी टेबल. प्रत्येक पाचरीला दोन-दोन ठोके. ती आत स्वयंपाक करता करता ते ऐकायची, आणि दरवर्षी धास्तावायची. नवऱ्याने अजून आस सोडलेली नाही, बांधाबांध अजून तयार आहे, असेच ते ठोके तिला सांगत असत.

कारण परत जायला नाही म्हणाली होती ती. तो नव्हे.

सुतार हा खरे तर चार भिंतींत राहण्याचा माणूसच नव्हता. नशिबाने त्याला नोकरी दिली ती भुशाच्या दाबलेल्या फळ्यांची स्वयंपाकघरातली कपाटे बनवण्याची. खिडक्या बंद, यंत्रांचा खडखडाट, हवेत कायम पिवळा धुरळा. जेवणाची सुट्टी झाली की बाकीचे आत पंख्याखाली बसत. हा डबा घेऊन फाटकाबाहेरच्या एकुलत्या एका झाडाखाली जाई. थंडी असो की ऊन, त्याचे जेवण झाडाखालीच. सोबतीचे म्हणत, ह्याला कुणी तिथे बांधून ठेवलंय आणि सोडायला विसरलंय. तो हसायचा. वाद घालणे त्याला जमत नसे, त्यामुळे त्याच्याशी भांडणेही कठीण होते, हे त्याच्या बायकोइतके कुणालाच ठाऊक नव्हते.

सुट्टीच्या दिवशी पहिल्या बसने तो शेवटच्या थांब्यावर उतरायचा आणि डोंगर चढायचा. वर जाऊन करायचा काय, तर काहीच नाही. झाडांना हात लावायचा, दगडावर बसायचा, पाणी प्यायचा आणि उतरायचा. खिशातून बिया, पिसे, सालींचे तुकडे निघायचे, ते धुताना सुतारिणीच्या नाकी नऊ यायचे. वरच्या झाडांना त्याने मागे राहिलेल्या नातेवाइकांची नावे दिली होती. एक तिरपे वाढलेले झाड म्हणजे थोरला भाऊ, कारण तोही आयुष्यभर कुणाच्या तरी अंगावर रेललेला. वारा नसतानाही सळसळणारे एक झाड आत्या. संध्याकाळी परतला की तो शिवणयंत्राशेजारी बसून सांगायचा, आज आत्याची पाने गळाली, काकांची एक फांदी मोडली. ऐकणाऱ्याला वाटावे, गावाहून पत्र आले आहे.

तेवीस वर्षांपूर्वी खरोखरच पत्र आले. थोरल्या भावाचे. गावातल्या सुताराने धंदा बंद केला होता, त्याची शेड रिकामी पडली होती, आता आलास तर तुझी, असा मजकूर. सुताराने पत्र खिशात ठेवले आणि पुढच्या सुट्टीला बायकोला म्हणाला, आज तू चल वर. ती गेली. वर एक सपाट खडक आहे, तिथे त्याने तिला बसवले, पाणी दिले आणि पत्र वाचून दाखवले. खाली सगळे शहर धुरकट दिसत होते. तो एका काटकीची साल चाकूने सोलत होता आणि तिच्याकडे बघत नव्हता.

लेक तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षात होती. पण लेकीची शाळा हे सांगायचे कारण झाले. खरी गोष्ट अशी की, त्याच महिन्यात शिवणाच्या कारखान्यात सुतारिणीला कापणीच्या टेबलावर मुख्य केले होते. अठरा बायका तिने आखलेल्या रेघेवर कातरी चालवत होत्या. गावात ती कुणाची तरी सून होती, इथे तिच्या खडूला किंमत होती. ते सोडून तिच्याने जाववत नव्हते, आणि हे तोंडाने सांगायची लाज वाटत होती.

"मी नाही येणार," ती म्हणाली होती. "तुम्हाला जायचं तर जा."

काटकी सोलून पांढरी झाली. तो म्हणाला, "बरं."

उतरताना दोघांच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. ह्या विषयावर त्यानंतरही कधी निघाला नाही. भावाला काय उत्तर लिहिले, तिला ठाऊक नाही. तो कामावर जात राहिला, डोंगरावर जात राहिला, दरवर्षी पाचरी ठोकत राहिला. आणि ती वाट बघत राहिली की, आज ना उद्या हा पुन्हा विचारणार. पहिल्यांदा डोंगरावर विचारले, म्हणजे पुन्हाही तिथेच विचारेल, अशी तिची धास्ती. म्हणून तिने डोंगरच सोडला. दर सुट्टीच्या सकाळी बूट घालता घालता तो विचारायचा, "येतेस का?" आणि ती म्हणायची, "गुडघे." तेव्हा तिचे गुडघे ठणठणीत होते. पुढे दहा-बारा वर्षांनी ते इमानदारीने दुखू लागले, तोवर तिलाही आपण खोटे बोलत होतो हे विसरायला झाले होते.

एकदा तो म्हणाला, "तुझ्या नावाचंही एक झाड आहे आता." तिने शिवता शिवता विचारले, कसले आहे. "ये आणि बघ," तो म्हणाला. ती गेली नाही. तिला वाटले, हे आमिष आहे.

गेल्या वर्षी धुरळ्याने त्याची छाती भरली आणि डोंगर खिडकीतून बघण्यापुरता उरला. तरीही कोरडे वारे सुटले तेव्हा तो स्टुलावर बसून, स्टूल सरकवत सरकवत, पाचरी ठोकत फिरला. दोन ठोक्यांनंतर दम घ्यायला थांबायचा. राहू दे, असे ती म्हणाली तेव्हा "होईल" म्हणाला. पुढे इस्पितळात अकरा दिवस. शेवटच्या दिवसांत ती रोज ठरवून जायची की, आज विचारायचे, माझा राग आहे का म्हणून. एकदा तर "अहो" म्हणून सुरुवातही केली. त्याने डोळे उघडले आणि खिडकी जरा उघडतेस का, असे विचारले. ती खिडकी उघडायला उठली, तेवढ्यात नर्स आली आणि विषय तिथेच राहिला. चार महिने झाले, तो न विचारलेला प्रश्न तिला जेवू देत नव्हता.

"मावशी, करवत लावू का?" टेम्पोवाल्याने विचारले. "आख्खं टेबल दारातून निघेल एक वेळ, जिन्याच्या वळणावर अडकणारच. पाय कापले तर जाईल."

"करवत नको," स्वयंपाकघराच्या दारातून लेक म्हणाली. तिच्या हातात गुंडाळलेली किटली होती. "आई, मला काही नको ह्या घरातलं, पण टेबल हवंय. मी त्याच्यावर अभ्यास केलाय."

"आकडे बघा खालचे," सुतारीण म्हणाली. "एक नंबर कुठला ते बघा. तुम्ही दोन नंबर ठोकत असाल."

टेम्पोवाल्याने आणि जोडीदाराने टेबल उलटे केले. वर आलेल्या चार पायांमध्ये फोनचा दिवा धरून त्याने चारी कोपरे पाहिले. आकडेच नाहीत, असे तो म्हणाला. असे होणार नाही, असे ती म्हणाली. मग ती स्वतः उठली, खुर्चीला धरून आधी एक गुडघा टेकवला, मग दुसरा. लेक धावली, तिने हातानेच तिला थांबवले.

आकडे खरोखर नव्हते. जिथे ते असायला हवे होते तिथे लाकूड जरासे दबलेले होते. कुणीतरी रंध्याचे पाते हातात धरून तेवढीच जागा खरवडली होती. चारही कोपऱ्यांत तेच. असले काम करणारा हात तिला चांगला ओळखीचा होता. कडेला एक ओरखडा राहू दिला नव्हता.

आणि सांध्याच्या कडेने पाचरीभोवती तपकिरी रंगाचे बारीक मणी वाळून बसले होते. तिने एकावर नख चालवले. मग बोट जिभेवर ओले केले, त्या मण्यावर घासले आणि नाकाशी नेले.

सरस होता तो. हाडाकातड्याचा, पाण्यात शिजवून गरम गरम लावायचा जुना सरस. त्याचा वास एकदा घेतला की माणूस विसरत नाही, कारण तो मेलेल्या जनावराचा वास असतो.

तिला तो दिवस तसाच्या तसा आठवला. ती कामावरून आली, तर जिन्यातच वास. घरात खिडक्या सताड उघड्या, सुतार नळाखाली हात धूत होता, शेगडीवर चिकट पातेले. कसला वास म्हणून तिने विचारले नसते, कारण त्या आठवड्यात दोघांत बोलणे नव्हते. तोच आपणहून म्हणाला, एका गिऱ्हाइकाची खुर्ची होती, चिकटवून दिली. त्याला घरी गिऱ्हाईक नव्हते. खुर्ची आणली कधी, नेली कधी, हेही तिने विचारले नाही. चिंध्या घेऊन तिने पातेले घासले होते आणि मनात म्हटले होते, जाणारा माणूस जाईपर्यंत भांडी तरी नासवू नये.

डोंगरावरून उतरून पाच दिवस झाले होते तेव्हा. पाच किंवा सहा.

ती तशीच फरशीवर बसून राहिली. लेक शेजारी येऊन बसली, तिनेही वाकून पाहिले. सुताराचीच मुलगी, तिला सांगावे लागले नाही.

"बाबांनी चिकटवलं?" ती म्हणाली. "घरातलं काही? बाबांनी?"

"तू दहावीत होतीस."

"मग दरवर्षी ठोकत काय होते?"

 सुतारिणीच्या कानांनी आता ते ठोके मागे जाऊन ऐकले. पलंगाचे ठोके जरा खणखणीत, कपाटाचे तसेच, बाकाचे तसेच. आणि शेवटी टेबलाचे आठ ठोके, बद्द, बद्द, हलायला काही जागाच नसलेल्या लाकडावर पडणारे. तेवीस वर्षे तिने ते ऐकले होते. अठरा बायकांच्या कातरीच्या आवाजावरून कुणाचे कापड तिरके चालले आहे हे ओळखणारी बाई ती, घरातल्या ठोक्याकडे तिने कान दिला नाही. नुसते भ्यायचे काम केले.

म्हणजे तो त्याच आठवड्यात इथे कायमचा राहिला होता. परत जाणे त्याने त्याच आठवड्यात सोडले, आणि ते सोडल्याचे तोंडाने सांगायची लाज वाटली म्हणून तेवीस वर्षे हातोडा घेऊन फिरला. का? बायकोला वाटू नये की तिच्यापायी त्याने काही सोडले, म्हणून? की स्वतःलाच ऐकवायला? सुतार असता तर "बरं" म्हणाला असता, आणि तेवढ्यावरच भागवावे लागले असते.

सुतारिणीला आधी राग आला. इतका राग तिला तो जिवंत असताना कधी आला नव्हता. एक शब्द, एकच शब्द बोलायचा होता ह्या माणसाने. ती डोंगरावर गेली असती. बूट घालता घालता तो विचारायचा, येतेस का, तेव्हा तो फक्त तेवढेच विचारत होता, येतेस का. त्यात दुसरे काही नव्हते. आणि ती प्रत्येक वेळी गुडघे पुढे करून दार लावून घ्यायची आणि सुटल्यासारखी शिवायला बसायची. वर्षाच्या पन्नास सुट्ट्या, अशी बावीस वर्षे. एवढ्या सकाळी तिच्या हातातून गेल्या, आणि त्यातली एकही परत येणार नव्हती. मग राग कुठे गेला कळले नाही, आणि तिला रडू आले. टेम्पोवाल्याने जोडीदाराला खुणेने बाहेर नेले, जाताना खाली टेम्पो बघून येतो म्हणाला.

लेकीने तिला रडू दिले. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, सरस गरम पाण्याने सुटतो. बाबांनीच शिकवलंय. कापड भिजवून तासभर सांध्यावर ठेवलं की सैल होईल. टेबल नेऊ आपण." ती उठली, गुंडाळलेली किटली तिने पुन्हा सोडवली आणि पाणी भरून शेगडीवर ठेवली.

सुतारिणीने डोळे पुसले. "तू जायचीस ना त्यांच्याबरोबर वर. इथं होतीस तेव्हा."

"जायचे की."

"माझ्या नावाचं झाड पाहिलंस?"

लेक दारात थांबली. तिच्या चेहऱ्यावर जरा हसू आले, ते तिने आवरले. "पाहिलंय. काटेरी आहे."

"काटेरी."

"खडकाच्या फटीत आलंय, कुणी लावलेलं नाही. बाबा म्हणायचे, हात लावायला गेलं तर ओरबाडतं, पण वर सगळ्यात दाट सावली त्याचीच. डबा तिथंच बसून खायचे. मला वाटलं, तुला माहीत असेल."

सुतारीण खिडकीकडे वळली. खिडकीतून डोंगर दिसत होता, अर्धा समोरच्या इमारतीमागे गेलेला. त्यावर कुठे काय आहे हे एवढ्या लांबून कळणे शक्य नव्हते, तरी ती बघत राहिली. आता खरेच तिच्याने चढवले नसते.

किटलीतून वाफ येऊ लागली. लेक जुना टॉवेल फाडून त्याच्या पट्ट्या करू लागली. तिने पहिली पट्टी भिजवण्यासाठी हात पुढे केला तेव्हा सुतारीण म्हणाली, "थांब."

"काय गं?"

"नको सोडवू ते."

"आई, कापायचंही नाही आणि सोडवायचंही नाही म्हणजे कसं? जाणार कसं खाली?"

"नाही जाणार." सुतारिणीने खुर्चीचा आधार घेतला आणि एकेक गुडघा सांभाळत उभी राहिली. "बाकी सगळं त्यांनी न्यायचं म्हणून केलं. हे एकच राहायचं म्हणून केलंय. राहू दे."

लेकीचे तोंड उतरले. टेबल तिला मनापासून हवे होते, आणि आईच्या बोलण्यात खोट काढावी असेही काही तिला सापडेना. हातातल्या पट्ट्यांच्या तिने उगाच घड्या घातल्या. "घरमालक काय म्हणेल?" ती शेवटी म्हणाली. "खोली रिकामी हवी म्हणून चारदा फोन केलाय त्यानं."

"विचारून ये. बाकी सगळं नेतोय म्हणावं. टेबल निघत नाही."

लेक खाली गेली. टेम्पोवाला वर आला आणि त्याने दारातूनच परिस्थितीचा अंदाज घेतला. सुतारिणीने त्याला टेबल सरळ करायला लावले. खिडकीपाशी घ्या, असे ती म्हणाली, अजून जरा, उजेडात. दोघांनी उचलून ठेवले. मेणकापड, जाड कापड, चकत्या सगळे खोक्यात गेले होते. कित्येक वर्षांत तिने टेबलाचा नुसता माथा असा पाहिला नव्हता. लाकूड नवे असावे तसे होते, त्याच्यावर एक डाग नव्हता, एक ओरखडा नव्हता. इतकी वर्षे ज्या टेबलावर माणसे जेवली त्याची ही गत बघून तिला बरे वाटले नाही.

लेक आली. घरमालक आधी कुरकुरला, मग राहू दे म्हणाला. येणाऱ्या माणसांकडे म्हणे काहीच नाही, दोन बॅगा तेवढ्या.

"त्यांचा हातोडा कुठं आहे?" सुतारिणीने विचारले.

"पेटीत. काढू?"

"नको. माझ्याबरोबर राहू दे. तुझ्याकडे गेल्यावर पलंग बसवायचाय. वारे सुटले की ठोकावं लागेल."

किटली एव्हाना उकळून उकळून अर्धी झाली होती. टेम्पोवाला निघू का म्हणून घड्याळाकडे बघत होता. सुतारिणीने त्याला थांबवले. पाणी तापलेच आहे तर चहा घ्या सगळे, असे ती म्हणाली, आणि लेकीला भांड्यांचे खोके पुन्हा सोडायला लावले. लेक पुटपुटली, सकाळपासून तेच तर गुंडाळतेय. चार कप निघाले. चहा झाला तेव्हा खुर्ची एकच होती, म्हणून सगळे टेबलाभोवती उभे राहिले. टेम्पोवाला सकाळी टेबलावर काहीबाही ठेवल्याबद्दल दोनदा बोलणी खाऊन शहाणा झाला होता. त्याने कप हातातच धरला आणि खाली ठेवायला काही मिळते का म्हणून इकडेतिकडे पाहू लागला.

"ठेवा तसाच," सुतारीण म्हणाली.

तिने आपला कप आधी ठेवला, नुसत्या लाकडावर, काठोकाठ भरलेला. थोडा चहा सांडून कपाच्या बुडाशी गेला. टेम्पोवाल्याने ठेवला, जोडीदाराने ठेवला, शेवटी लेकीनेही ठेवला. चहा पिऊन झाला. मग ते दोघे राहिलेली खोकी घेऊन खाली गेले, लेक कप विसळायला आत गेली.

खुर्ची शेवटी जायची होती. सुतारीण तिच्यावर बसून राहिली, हात टेबलावर ठेवून. कपाच्या बुडाचे ओले गोल वळ लाकडात हळूहळू मुरत होते, तिच्या समोरचा सगळ्यांत मोठा होता. आतून लेक म्हणाली, आई, फडकं देऊ का पुसायला. ती नको म्हणाली.